पावाच्या पुडक्यावरील आकडे

नागपुरात पाव हा काही फार प्रतिष्ठेचा पदार्थ नव्हे. मुंबईकराच्या दिवसात वडापावाला जे स्थान आहे ते येथे तर्रीपोह्याला आहे. आमच्या आईच्या पिढीला तर पाहुण्यापुढे पावाचे तुकडे ठेवणे म्हणजे आजाऱ्याचे खाणे वाढल्यासारखे वाटे. ताप उतरल्यावर दुधात बुडवून द्यावयाची ती डबलरोटी, एवढाच तिचा अधिकार. असे असूनही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सकाळी सातच्या आत घर सोडणाऱ्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरात कापलेल्या पावाचे पुडके येऊन कायमचे बसले आहे. याला आळस म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो अन्यायाचा आहे. चार माणसांच्या पोळ्यांना कणीक भिजविण्यापासून शेवटची पोळी उतरेपर्यंत पाऊण तास सहज लागतो. हा पाऊण तास घरातील कोणाचा असतो हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाव विकत घेणारा मनुष्य मुख्यत: वेळ विकत घेत असतो.

या वेळेच्या हिशेबाकडे माझे लक्ष गेले ते मात्र वर्गात शिकविताना नव्हे, घरात. माझी पत्नी शिक्षिका आहे आणि तिची शाळा सकाळची. मुलगा नववीत गेला त्या वर्षी आमच्या घरी आठवड्यातील पाच दिवस न्याहारीला पावच होता. दिवाळीच्या सुमारास मुलाची एक तक्रार सुरू झाली: तिसऱ्या तासाला पोट फुगते, कळ येते, वर्गात बसवत नाही. प्रथम आम्ही ती गणिताच्या तासाची कळ समजलो. पुढे ती रविवारीही येऊ लागली तेव्हा माझ्या आईने निकाल दिला की, मैद्याचे शिळे खाऊन दुसरे काय होणार, आणि घरातील गहूच बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली. मुलाला बरे वाटू लागले. दोन आठवड्यांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा शाबासकी मिळेल अशी आमची समजूत होती. मिळाली ती सौम्य कानउघाडणी. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो सिलिअॅक रोग आहे किंवा नाही, हे ज्या रक्तचाचणीवरून कळते ती चाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. गहू सोडून बसलेल्या माणसाची चाचणी रोग असूनही निर्दोष येऊ शकते. तेव्हा पुन्हा काही आठवडे गहू खाऊन, पुन्हा पोट दुखवून घेऊन, मगच ती झाली. ती निर्दोष आली. आपल्या मनाने गहू सोडण्याच्या बेतात असलेल्या वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

सिलिअॅक हा काही श्रीमंतांचा किंवा परदेशचा रोग नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात या रोगाची मुले सुधारली व पाव परत येताच पुन्हा खालावली, हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आले. गव्हाविषयीचा आपला संशय पक्का करून त्याने तो पुढे शास्त्रीय रीतीने मांडला. उत्तर भारतात, जेथे तिन्ही त्रिकाळ गहू खाल्ला जातो, शंभरात सुमारे एकास हा रोग आढळतो असे दिल्ली परिसरातील पाहणीत दिसले आहे. विदर्भाची जुनी माणसे ज्वारी खात होती. आता आपणही गहू खाणारे झालो आहोत. आमच्या मुलास तो रोग नव्हता, हे बरेच झाले. परंतु मग त्याला काय होत होते?

डॉक्टरांनी वही ठेवावयास सांगितले. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, काय झाले. वहीचे तीन महिने भरल्यावर एक चमत्कारिक चित्र दिसू लागले. घरच्या पोळीने बहुधा त्रास नव्हता. पुडक्यातील पावाने बऱ्याच वेळा होता. कोपऱ्यावरच्या बेकरीतील पावाने कधी होता, कधी नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात मात्र काहीही खाल्ले तरी होता, तेव्हा गणिताचा संशय पूर्णपणे फिटला असे म्हणता येत नाही. मी पुडके उलटे करून वाचू लागलो ते या वहीमुळे. गव्हाचे पीठ, साखर, यीस्ट, खाद्यतेल, मीठ, आणि त्यापुढे आकड्यांची रांग: २८२, ४७१, ४८१, ५१०, ११००. उतारूस गाड्यांचे क्रमांक दिसावेत पण गाडी कोठे जाते हे कोणी सांगू नये, तशी माझी अवस्था झाली.

हे आकडे म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत आणि त्यांचा अर्थ शोधल्यास सापडतो. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. ते बुरशीला रोखते, यीस्टला फारसे रोखत नाही; म्हणूनच पावासाठी ते सोयीचे. उन्हाळ्या-पावसाळ्यात पावाच्या गाभ्याला एक जिवाणू लागतो आणि तोडलेल्या तुकड्यातून कोळिष्टकासारखे धागे निघतात, त्यालाही ते आवर घालते. ४७१ आणि ४८१ हे स्निग्धजन्य पदार्थ. पाव मऊ ठेवणे, म्हणजे शिळेपणा लपविणे असे न म्हणता लांबविणे म्हणू, हे त्यांचे काम. ५१० म्हणजे अमोनियम क्लोराइड, हे यीस्टचे खाद्य. ११०० हे पिठातील स्टार्च फोडणारे विकर. यांतील एकही बेकायदा नाही. २०११ च्या नियमांनी पावात किलोमागे ५,००० मिलिग्रॅमपर्यंत प्रोपिओनेट घालण्यास मुभा दिली. प्रोपिओनिक आम्ल काही जातींच्या चीजमध्ये आपोआप तयार होते, आपल्या आतड्यातही होते. तेव्हा रसायन हा शब्द उच्चारताच दचकणे हे शहाणपणाचे नव्हे.

पण ही सामग्री पावात आली कशासाठी, हे मात्र विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक आहे. जुन्या पद्धतीच्या पावाला रात्रभर किंवा निदान काही तास आंबवण लागे. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवीत, आणि त्या पिठाला आपल्या गतीने फुगू द्यावे लागे. असा पाव पहाटे भट्टीतून निघे आणि दुसऱ्या दिवशी खाण्याजोगा राहत नसे. म्हणून तो भट्टीच्या आसपासच्या वस्तीतच खपे. १९६१ साली इंग्लंडमधील चोर्लीवूड येथील संशोधनसंस्थेने पीठ यंत्राने अतिशय जोराने मळून, त्यास ऑक्सिडीकारक द्रव्यांची जोड देऊन, आंबवणीचे तास जवळजवळ वगळण्याची पद्धत काढली. हलक्या गव्हाचाही पाव फुगू लागला आणि एका कारखान्यात एका पाळीत अनेक पाळ्यांचे काम होऊ लागले. आपल्याकडे १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली, ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने. पुढे जानेवारी २००० मध्ये ती हिंदुस्तान लीव्हरला विकली गेली. त्या ‘मॉडर्न’च्या मेणकागदी पुडक्याबरोबर पाव हा भट्टीचा माल न राहता कारखान्याचा माल झाला. कारखान्याचा माल दूर जावयास हवा, दुकानात तीन-चार दिवस टिकावयास हवा, न खपलेला परत आला तर तोटा कोणाचा यावरून कंपनी आणि दुकानदार यांच्यात घासाघीस व्हावयास हवी. थोडक्यात, जो वेळ पिठातून काढून घेतला तो कपाटावर नेऊन ठेवला. आकड्यांच्या त्या रांगेतील बहुतेक द्रव्ये या दोन कामांपैकी एक तरी करतात.

या व्यवहारातील सर्वांत वाईट प्रकरण पोटॅशियम ब्रोमेटचे. ते पिठाला ताकद देते, पाव पांढरा व उंच करते, स्वस्त असते. भट्टीच्या उष्णतेने त्याचे निरुपद्रवी ब्रोमाइड होते असा विश्वास होता. मात्रा जास्त पडली किंवा भाजणे कमी झाले तर थोडे शिल्लक राहते, ही अडचण. १९८२ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांच्या मूत्रपिंडात त्यामुळे गाठी झालेल्या आढळल्या. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये ते बंद केले, कॅनडाने १९९४ मध्ये, श्रीलंकेने २००१ मध्ये, चीनने २००५ मध्ये. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवास कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत केली. अमेरिकेची कथा मजेदार आहे: तेथील केंद्र सरकार कारखानदारांना दशकानुदशके विनंतीच करीत राहिले, आणि अखेर कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ ही बंदीची तारीख ठरविली. आपल्याकडे पावाच्या पिठात किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत ते कायदेशीर होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २३ मे २०१६ रोजी आपली तपासणी प्रसिद्ध केली. दिल्लीतील पाव, बन, बर्गर व पिझ्झ्याचे पाव असे ३८ नमुने घेतले होते. त्यांपैकी ३२ मध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. एका महिन्याच्या आत, २० जून २०१६ रोजी, केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनुमत द्रव्यांच्या यादीतून ब्रोमेट काढून टाकले. चीनच्या मागे अकरा वर्षे. आणि पाव तरीही फुगतच राहिला, कारण क जीवनसत्त्व आणि विकरे यांच्या साहाय्याने तेच काम होते हे बेकरीधंद्याला पूर्वीपासून माहीत होते. इतकी वर्षे प्रश्न होता तो खर्चाचा.

ब्रोमेटचा धोका सर्वांना सारखा, म्हणून त्यास बंदी हा उपाय चालतो. माझ्या मुलाच्या पोटदुखीला तो चालत नाही, कारण जे एकास बाधते ते नव्व्याण्णवांस बाधत नाही. येथे शास्त्रही ठाम बोलत नाही. ऑस्ट्रेलियातील सू डेंगेट व अॅलन रुबेन यांनी २००२ मध्ये २७ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांचा आहार आधी निर्भेळ करून मग कधी प्रोपिओनेटचा, कधी त्याविना असा पाव दिला. कोणता कोणता हे आईबापांस ठाऊक नव्हते. सरासरी गुणांत महत्त्वाचा फरक पडला नाही. परंतु निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के मुलांचे वागणे प्रोपिओनेटच्या दिवसांत बिघडले आणि १९ टक्क्यांचे सुधारले. आपल्याला जे सिद्ध व्हावेसे वाटते त्याप्रमाणे यातील आकडा उचलता येतो. प्रयोग लहान होता एवढे मात्र दोन्ही बाजूंनी मान्य करावे. दुसरा प्रयोग ऑस्लोचा, २०१८ चा. सिलिअॅक नसूनही ग्लुटेन बाधते असे सांगणाऱ्या ५९ जणांना आठवडा-आठवडा तीन प्रकारच्या वड्या दिल्या: एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान नावाची गव्हातील शर्करामाला, तिसरीत दोन्ही नाहीत. त्रास सर्वाधिक झाला तो फ्रुक्टानने. ग्लुटेनचा आठवडा रिकाम्या वडीच्या आठवड्यापेक्षा वाईट गेला नाही. फ्रुक्टान कांद्यात असते, लसणात असते, पोळीतही असते. आणि लांब आंबवणीत यीस्ट त्यातील बराच भाग खाऊन टाकते. म्हणजे पावात जे घातले त्यामुळे नव्हे, तर पावातून जो वेळ काढून घेतला त्यामुळे पोट दुखत असेल, असाही संभव राहतोच. पुडक्यावर आकडे सर्व छापले तरी पीठ किती तास आंबविले ते कोठे छापतात?

नागपूरला अशा वादाची सवय आहे. मिठाचा खटला येथूनच गेला होता. आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यास बंदी करणारा नियम केंद्राने २००५ मध्ये काढला व तो पुढील वर्षी अमलात आला. नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेने त्यास आव्हान दिले, आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला. साधे मीठ हे काही अपायकारक अन्न नव्हे, असा त्यातील मुद्दा होता. लोकांच्या आरोग्याचा विचार करून न्यायालयाने नियम सहा महिने चालू ठेवू दिला आणि तेवढ्या अवधीत नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांतून बंधन पुन्हा आलेच. आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाच्या प्रदेशांत फार मोठे काम केले आहे आणि व्यक्तिश: मी तेच मीठ खातो. तथापि त्या खटल्यात विचारलेला प्रश्न मला रास्त वाटतो: सर्वांच्या ताटात काय घालावयाचे हे ठरविताना, ज्याला ते नको आहे किंवा सोसत नाही त्याची काय व्यवस्था? मिठाच्या पुड्यावर निदान आत काय आहे हे ठळक लिहिलेले असते.

पावाच्या बाबतीत तेवढेही अर्धेच आहे. पुडक्यातील पावाला २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि ग्लुटेन, दूध, अंडे, सोयाबीन, शेंगदाणे, सल्फाइट इत्यादी बाधक पदार्थांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. ‘ब्राउन’ पाव घेणाऱ्यांनी या क्रमाकडे अवश्य पाहावे. पहिला शब्द मैदा असेल तर तो रंग करपविलेल्या साखरेचा असू शकतो. परंतु शहरातला कितीतरी पाव सुटा विकला जातो: टपरीवर, शाळेच्या फाटकाशी, हातगाडीवरील पावभाजीबरोबर. त्यावर आकडाही नाही आणि अक्षरही नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि नमुना सदोष निघाल्यास ते शुल्क परत मिळते. अधिकार मोलाचा आहे. पण त्या तपासणीने उत्तर मिळते ते पाव नियमात बसतो की नाही याचे. माझ्या मुलाला काय बाधते याचे नव्हे. जॉर्ज अॅकरलॉफ यांचा १९७० चा जुन्या मोटारींच्या बाजारावरील लेख मी दरवर्षी वर्गात शिकवितो: विकणाऱ्यास मालाची माहिती आहे, घेणाऱ्यास नाही, आणि त्यामुळे चांगला माल बाजारातून हटतो. आंबवणीला सहा तास देणारा बेकरीवाला आणि वीस मिनिटे देणारा, दोघांचा पाव काचेच्या कपाटात सारखाच दिसतो. सहा तासांचे पैसे कोण देईल?

मिठाईचे उदाहरण घेता येईल. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या थाळीवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा आदेश झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी अशक्य म्हणून ओरड केली होती. संत्राबर्फीच्या ट्रेमध्ये चिठ्ठी खोचता येते तर बेकरीच्या भिंतीवर एक पाटी का लागू नये? पीठ कोणते, त्यात काय घातले, किती तास आंबविले. पाटी, खडू आणि पाच ओळी. लहान बेकरीवाल्यावर याहून अधिक बोजा घालू नये असेच माझे मत आहे, कारण मोठ्या कारखान्यांपुढे तो तसाही टेकीस आलेला आहे.

हे मी आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यालाच जाऊन सांगितले. वीस वर्षांची ओळख. दुपारची वेळ होती, भट्टी निवलेली होती.

“काय काय टाकता हो पावात?” मी विचारले.

“मैदा, पाणी, मीठ, साखर, यीस्ट,” तो म्हणाला, “अन् थोडी पावडर.”

“कसली पावडर?”

“इम्प्रूव्हर म्हणतात, सर. तयार पुडी येते. पोत्याला मोजून टाकतो.”

“आणि नाही टाकली तर?”

“पाव बसतो. गिऱ्हाईक दाबून पाहते. कडक लागला का समोरच्या दुकानात जाते.”

त्याने आतून पुडी आणून दाखविली. वरचा भाग फाडताना छपाई गेली होती. उरलेल्या भागावर कंपनीचे नाव आणि किलोमागे किती ग्रॅम घालावे एवढेच वाचता येत होते. मी पाटीची कल्पना सांगितली. वहीचेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. आमच्या घरी आता मी साडेपाचला उठतो व पोळ्या लाटतो, त्या गोल होत नाहीत, हेही त्याला सांगून टाकले, तो हसला.

“पाटी लावतो जी, त्यात काही नाही,” तो पुडीची घडी करीत म्हणाला, “पण हिच्यात काय आहे ते आधी मले कोणी सांगन तर!”